बाळ आले, नाव गेले



आईपणाविषयी आपल्या इगर्जीत जितके गोड बोलले जाते, तितके क्वचितच दुसऱ्या कशाविषयी बोलले जात असेल. ८ सप्टेंबरला मोंती सायबिणीचे फेस्त येते. त्याआधी नऊ दिवस मुले फुलांच्या परड्या घेऊन येतात, प्रवचनात आईची थोरवी सांगितली जाते, आणि मागच्या बाकांवर डोळे पुसले जातात. त्याच इगर्जीत दोतोर्न शिकवणारी एखादी तरुण मुलगी आई झाली, की पुढच्या वर्षाच्या यादीत तिचे नाव नसते. नाव कुणी काढले म्हणून विचारावे, तर कुणीच काढलेले नसते. "तिला आता बाळ आहे ना, कशाला उगाच त्रास द्यायचा?" एवढेच उत्तर मिळते. हे बोलणाऱ्याचा चेहरा अगदी प्रेमळ असतो.

हे प्रेम नव्हे. हे काढून टाकणे आहे, आणि ते न विचारता काढून टाकणे आहे. गेली बरीच वर्षे मी दोतोर्न शिकवते आहे. माझ्यानंतर आलेल्या किती मुली अशा गळल्या ते मी पाहिले आहे. त्यांतल्या फार थोड्या परत आल्या. बाकीच्या अजूनही रविवारी मिस्सेला येतात, बाळ रडू लागले की दाराबाहेर जाऊन उभ्या राहतात, आणि वर्ग दुसऱ्याच कुणाचा झालेला असतो.

इतर ठिकाणी हे कदाचित खपून जाईल. आमच्याकडे खपत नाही. पेडणे आणि डिचोली हे नव्या काबिजादीतले तालुके. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते पोर्तुगीजांकडे आले, तेव्हा बार्देस आणि साष्टीतल्या इगर्जींना दोनशेच्या आसपास वर्षे होऊन गेली होती. त्यामुळे इथे ख्रिस्ती घरे विरळ. एका वाड्यावर चार, डोंगरापलीकडे तीन, आणि मध्ये कुळागरे. आपली बरीच मुले मराठी शाळेत शिजली-वाढली, शेजाऱ्यांबरोबर चवथीच्या माटोळीला हात लावत मोठी झाली, आणि त्यात वाईट काही नाही. पण प्रभूची प्रार्थना त्यांना शाळेत कुणी शिकवणार नाही. ती घरात शिकायची, नाही तर दोतोर्नीत. आणि घरातला बाप कुठे असतो? बोटीवर, आखातात, नाही तर मोपाच्या विमानतळावर पाळीत. डिचोलीत २०१२ साली खाणी थांबल्या, तेव्हा ट्रकाच्या चाकावर चालणारी घरे एका रात्रीत उघडी पडली आणि पुरुष कामाच्या शोधात पांगले. मागे उरल्या त्या बायका. श्रद्धा पुढच्या पिढीकडे पोचवायचे काम आमच्या भागात याच बायका करतात. त्यांतली एक घरी बसवली, तर एका वाड्यावरची आठ-दहा मुले वाऱ्यावर पडतात. तिच्या जागी बसायला दुसऱ्या वाड्यावरून कोण येणार? संध्याकाळची बस चुकली तर परत जाणार कशी?

आता या मुलींना उपदेश करणारे दोन पक्ष आपल्यात आहेत. दोघेही बायबल हातात घेऊनच बोलतात.

पहिला पक्ष म्हणतो, आधी मूल मोठे कर, मग सेवा कर. ऐकायला शहाणपणाचे वाटते. पण हे 'मग' कधी येते ते मला कुणी दाखवून द्यावे. पहिले मूल चालू लागते तोवर दुसरे येते. दुसरे शाळेत जाते तोवर पहिल्याची पहिली कुमगार येते. मग दहावी, मग सासूचे गुडघे, मग नणंदेचे लग्न. 'मग' येते तेव्हा बाई पन्नाशीला टेकलेली असते, आणि तेव्हा तिला सांगतात, आता तरुण रक्ताला पुढे येऊ द्या!

या पक्षाचे आवडते वचन म्हणजे नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय. सद्गुणी स्त्रीचे ते वर्णन आपण बायकांच्या मरणाच्या मिस्सेला फार वाचतो, जिवंतपणी कमी. ती बाई घर सांभाळते हे खरे. पण त्याच अध्यायात ती शेत विकत घेते, द्राक्षमळा लावते, व्यापार करते, गरिबांना हात देते, आणि तिच्या तोंडी शिक्षण असते. दयेचे शिक्षण, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे ती आमच्यासारखी दोतोर्नच शिकवत होती म्हणा ना. आणि पंधरावे वचन मात्र प्रवचनात कधी ऐकू येत नाही. तिथे लिहिले आहे की तिच्या घरात दासी होत्या. हाताखाली माणसे असलेल्या त्या बाईचे माप घेऊन, जिच्या हाताखाली फक्त मिक्सर आहे अशा मुलीला मोजायचे, हा कुठला न्याय?

आणखी एक गोष्ट. २०१७ साली आपल्या देशाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. त्याप्रमाणे नोकरी करणाऱ्या आईला पहिल्या दोन मुलांच्या वेळी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. रजेच्या काळात तिला कामावरून काढता येत नाही. ५० किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघराची सोय करावी लागते, आणि आईला दिवसातून चारदा बाळाकडे जाऊ द्यावे लागते. कायदा काय देवभोळा आहे म्हणून हे लिहितो? त्याला एवढेच कळते की बाई आई झाली म्हणून तिचे काम संपत नाही, थांबते. सरकारी कागदाला जे कळते ते आपल्या पॅरिश कौन्सिलला कळू नये, याची मला लाज वाटते. पगाराचा तर आपल्याकडे प्रश्नच नाही. आम्ही फुकटच शिकवतो.

दुसरा पक्ष या पहिल्याच्या अगदी उलट. तो म्हणतो, देवाचे काम कर, तुझे घर देव पाहील. प्रार्थनासभांतून हे वाक्य फार जोरात म्हटले जाते. म्हणणाऱ्याच्या घरी जेवण कोण रांधते, याची चौकशी कुणी करत नाही.

मराठी ख्रिस्ती माणसाला या बोलण्याचा हिशेब करायचा असेल, तर फार दूर जायला नको. आपल्या पंथाचे नसले तरी आपलेच असे एक घर आहे: नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा लहानग्या दत्तूला कुशीत घेऊन नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. काही वर्षे संसार दुभंगला. पुढे दोघे एकत्र आली आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. टिळक थोर कवी, थोर भक्त. त्यांच्या अभंगांवाचून मराठी उपासना पुरी होत नाही. पण हातात आलेला पैसा घरी पोचण्याआधी वाटून टाकायचा, घरात माणसे आणून ठेवायची आणि त्यांच्या पोटाची काळजी बायकोवर सोपवायची, ही त्यांची रीत होती. १९३४ साली 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग आला तेव्हापासून आपण हे सगळे हसत हसत वाचतो, कारण लक्ष्मीबाईंनी ते हसत हसत लिहिले आहे. मीही कॉलेजात असताना हसले. पण हसू ओसरल्यावर बघा: देवाने घर पाहिले, असे आपण ज्याला म्हणतो, ते घर पाहणारा हात लक्ष्मीबाईंचा होता. देवाच्या नावावर आपण एका बाईचे श्रम जमा करून टाकले.

कुणी म्हणेल, पण शेवटी त्यांनाही सेवा लाभलीच ना? लाभली. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरे होते. ज्या बाईला लिहिणे-वाचणे लग्नानंतर नवऱ्याने शिकवले, तिने ते महाकाव्य पुरे केले. पण ही लक्ष्मीबाईंची चिवट जात. तिच्यावरून नियम बांधू नका. प्रत्येक मुलगी लक्ष्मीबाई नसते, आणि असायची गरजही नाही.

पंडिता रमाबाईंची गोष्ट याहून अवघड आहे, आणि मला ती जास्त शिकवून जाते. १८८१ साली मनोरमा जन्मली. पुढच्याच वर्षी नवरा गेला. १८८३ साली रमाबाई दोन वर्षांच्या मुलीला घेऊन इंग्लंडला पोचल्या आणि तिथे वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्या चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकू-शिकवू लागल्या, आणि मनोरमा बराच काळ वाँटेजच्या भगिनींच्या मठात वाढली. त्या भगिनींनी मूल सांभाळले नसते, तर रमाबाईंचे शिक्षण झाले नसते. शारदा सदन आणि केडगावचे मुक्ती सदनही कदाचित झाले नसते. हे ऋण खरेच आहे. पण सांभाळणाऱ्यांना मग वाटू लागले की मुलीला काय शिकवायचे तेही आपणच ठरवावे. सिस्टर जेराल्डिन आणि रमाबाई यांच्यात यावरून पत्रांतून मोठा वाद झाला. ती पत्रे पुढे छापली गेली आहेत. रमाबाईंनी आपला हक्क सोडला नाही: मूल माझे आहे, त्याच्या शिकवणीचा निर्णय माझा.

आपल्याकडे या वादाची छोटी आवृत्ती दर घरात चालते. बाळ दोन तास घेतले की सासू, आत्या, शेजारीण, अगदी संघातल्या बायकासुद्धा तिला सांगू लागतात: पावडरचे दूध का देत नाहीस, टोपी का घातली नाहीस, दृष्ट काढलीस का. (दृष्ट काढणाऱ्या आपल्या ख्रिस्ती आज्या मला चांगल्या ठाऊक आहेत.) बाळ धरायला या, पण ताबा घ्यायला येऊ नका.

या दोन पक्षांचे एकमेकांशी कितीही भांडण असो, एका गोष्टीवर त्यांचे एकमत आहे. मूल हा त्या एकटीचा प्रश्न आहे, असे दोघेही धरून चालतात. एक म्हणतो त्यासाठी सेवा सोड, दुसरा म्हणतो सेवेसाठी ते देवावर सोड. आम्ही काय करू, असे दोघांपैकी कुणीच विचारत नाही. माझे भांडण याच्याशी आहे.

पहिल्या ख्रिस्तसभेला हा प्रश्न पडला होता, आणि तोही तुरुंगात. इ.स. २०३, आफ्रिकेतले कार्थेज शहर. पेर्पेतुआ नावाची बावीस वर्षांची, चांगल्या घरातली तरुण आई पकडली गेली. तेव्हा तिचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. ती अजून धर्मशिक्षण घेत होती. अंगावर पिणारे मूल होते. तिने तुरुंगात लिहिलेले निवेदन आजवर टिकले आहे. त्यात काय आहे पाहा. काळोखी, गर्दीची कोठडी. बाळ उपाशी. तेव्हा तेर्तियुस आणि पोंपोनियुस या दोन दीकनांनी पहारेकऱ्यांना पैसे चारले, आणि कैद्यांना काही तास तुरुंगाच्या बऱ्या भागात आणवले. तिथे तिने बाळाला पाजले. पुढे बाळ तिच्याजवळ राहू लागले, तेव्हा तिला तुरुंगाचे काही वाटेनासे झाले. तिच्याबरोबरची फेलिसिता ही दासी आठव्या महिन्यात तुरुंगातच बाळंत झाली. तिची मुलगी एका ख्रिस्ती बहिणीने नेली आणि आपली म्हणून वाढवली. आणि या सगळ्यांना ज्याने धर्म शिकवला होता तो सातुरुस पकडला गेला नव्हता. तो आपणहून जाऊन हजर झाला. तो आमच्यासारखाच दोतोर्नीचा मास्तर, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

मिस्सेच्या पहिल्या कृतज्ञतास्तुतीत या दोघींची नावे आहेत. ७ मार्चला आपण त्यांचा सण पाळतो आणि त्यांच्या धैर्याचे गुण गातो. त्या दोन दीकनांविषयी मी आजवर एकही प्रवचन ऐकलेले नाही. स्तनपान करणाऱ्या आईला थोडी हवा आणि उजेड मिळावा म्हणून आपली प्रतिष्ठा बाजूला ठेवून पहारेकऱ्याशी घासाघीस करणे, हे त्यांनी दीकनाचे काम मानले. आपल्याकडे सांक्रिस्तीच्या बाजूची खोली मिळवायची तर अर्ज करावा लागतो, आणि किल्ली कुणाकडे आहे हे कुणाला ठाऊक नसते.

शास्त्रात तर हे ठायी ठायी आहे. हन्नाचेच पाहा (१ शमुवेल १). शमुवेल झाल्यावर एलकाना वार्षिक यज्ञाला शिलोला निघाला, तेव्हा ती म्हणाली की मी येणार नाही. मूल दूध सोडील तेव्हा येईन. एलकानाने काय केले? तुला बरे वाटेल तसे कर, म्हणाला. विषय संपला. तिच्या भक्तीवर कुणी संशय घेतला नाही. ती परत आली ती गाणे घेऊन आली, आणि ते गाणे पुढे मरियेच्या मुखात नव्याने फुलले. इथे दोन गोष्टी आहेत. नाही म्हटले ते तिने स्वतः, आणि परतीचे दारही उघडे होते. आपल्या मुलींना यातले एकही मिळत नाही: 'नाही' त्यांच्या वतीने दुसरेच म्हणतात, आणि दार मागून लागते.

आणि मरिया? चाळीस दिवस झाल्यावर ती बाळाला घेऊन मंदिरात आली (लूक २). गरिबाचे दान, पारव्यांची जोडी. आपण या प्रसंगी शिमोनाचे गीत आठवतो. पण लूकने त्याआधी एक साधी गोष्ट लिहिली आहे: म्हाताऱ्या शिमोनाने बाळाला आपल्या हातांत घेतले. म्हणजे आईचे हात मोकळे झाले. शेजारी चौऱ्याऐंशी वर्षांची हन्ना संदेष्ट्री होती. मंदिरातली ही दोन म्हातारी माणसे बाळ पाहून, आता याला बाहेर न्या, असे म्हणाली नाहीत.

"पण बाळ रडते, मिस्सेचे गांभीर्य जाते." जाऊ दे थोडे. मुलांना येशूजवळ आणणाऱ्यांना ज्यांनी दटावले ते शिष्यच होते (मार्क १०), आणि येशू रागावला तो त्यांच्यावर. मोबाईल वाजला तर आपण सहन करतो.

"पण ती स्वतःच नको म्हणते." काही जणी म्हणतात, आणि ते मनापासून असेल तर तिला सुखाने घरी राहू द्या. तेही प्रभूचेच काम आहे. तीमथ्याला विश्वास मिळाला तो आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून. मात्र एकदा तिला एकटीला गाठून विचारा. सासूच्या देखत नको, फादरांच्या ऑफिसात उभे करूनही नको. मी असे विचारले आहे. बाळ दोन महिन्यांचे असलेली एक मुलगी म्हणाली, "बाई, मला आठवड्यातला तो एक तासच माझा वाटत होता." तिला त्या तासाची विश्रांतीपेक्षा जास्त गरज होती.

तास किती लागतात हो? आठवड्याचे तास १६८. वर्गाचा एक, तयारीचे दोन. एवढ्यात कुठल्याही बाळाचे नुकसान होत नाही. नुकसान होते ते बाकीच्या गोष्टींनी: संध्याकाळी साडेसातला ठेवलेल्या सभा, ज्या आठला सुरू होतात आणि साडेनवाला फेस्ताच्या रोषणाईवर येऊन अडकतात. ही वेळ कुणी ठरवली? ज्यांना घरी जाऊन ताट तयार मिळते त्यांनी. तान्ह्या बाळाची आई सभेला आली नाही की शेरा पडतो, हिची निष्ठा कमी झाली.

पोप फ्रान्सिस यांनी १० मे २०२१ रोजी धर्मशिक्षकाची सेवा ही ख्रिस्तसभेतली रीतसर, स्थिर सेवा म्हणून स्थापन केली. आपल्यापैकी बहुतेकजणी त्या विधीने नेमलेल्या नाहीत, हे मला माहीत आहे. तरी त्यांनी वापरलेला अर्थ ध्यानात घ्या: स्थिर. दरवर्षी सोयीने लिहायची आणि खोडायची यादी नव्हे.

आणि पुरुषांनो, तुम्हालाही एक शब्द. बाप्तिस्म्याच्या वेळी तुम्हीही मेणबत्ती धरली होती, आणि बाळाला विश्वासात वाढवीन असे तुम्हीही म्हणाला होता. बोटीवरून दोन-तीन महिन्यांच्या सुटीवर आलात की रविवारचा तो एक तास बाळ तुम्ही घ्या. इगर्जीच्या आवारात बाळ खांद्यावर घेऊन फिरणाऱ्या पुरुषाला आपल्याकडे अजून हसतात. हसू द्या. त्याच बाप्तिस्म्यात फादर बाळाच्या कपाळावर क्रूसाची खूण करतात आणि सगळ्या ख्रिस्ती समाजाच्या वतीने त्याला आत घेतात. त्या दिवशी केक खाल्लेले आपण सगळे त्या बाळाचे कुणीतरी लागतो.

आता मागणे सांगते. आपल्या लहान ख्रिस्ती समुदायांच्या बैठका याच महिन्यात होतील, तिथे हे मांडा. बाळंत झालेल्या शिक्षिकेचे नाव यादीत तसेच ठेवा. तिच्या जागी येणाऱ्या बाईच्या नावापुढे 'तात्पुरती' असे लिहा, आणि कधीपर्यंत ते आईला विचारून लिहा. वर्गाच्या शेजारी एक खोली द्या, पंखा असलेली, आतून कडी लागणारी. सभा रविवारी मिस्सेनंतर घ्या. लांबच्या वाड्यावरून येणाऱ्या आईला रिक्षाचे पैसे द्या. रोषणाईची एक माळ कमी लावली तर तेवढे सहज निघतात. आणि ज्यांची मुले आता मोठी झाली आहेत अशा आपण चाळिशी-पन्नाशीच्या बायकांनी पाळी लावून घ्यावी: एका रविवारी एकीने बाळ धरायचे. सायबीण घरोघर येते तेव्हा आपण अंगण सारवतो, लादाईन म्हणतो, चणे वाटतो. त्याच वाटेवर, चार घरे सोडून, एक मुलगी तीन रात्री झोपलेली नसते. लादाईन झाल्यावर तिच्याकडेही जा. बाळ मागा, आणि तिला म्हणा, तू आंघोळ करून ये, मग पुढच्या रविवारच्या धड्याचे बघू.